‘धाकटी तर ठणठणीत आहे’ : जुळ्या बहिणींपैकी एकीचं वागणं बदललं तेव्हा

या प्रकरणातल्या कुणाचंही नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. निदान मी केलं नाही; ते होण्याआधीचे अडीच महिने मात्र ही मुलगी दर आठवड्याला माझ्यासमोर बसत होती. म्हणून उशीर कुठे झाला हे मला जवळून सांगता येतं.

पार्श्वभूमी

दोघी जुळ्या, वय पंधरा. जन्मात अकरा मिनिटांचं अंतर, पण घरात एक थोरली आणि दुसरी धाकटी. मीही त्यांना तसंच म्हणते.

जन्म ३५ व्या आठवड्यातला. थोरलीचं वजन २.३ किलो, धाकटीचं १.८. वारा (प्लासेंटा) दोन होत्या, त्यामुळे ‘या आयडेंटिकल नाहीत’ असं तेव्हाच सांगण्यात आलं. पुढे त्यावर कुणी शंका घेतली नाही, कारण थोरली दोन बोटं उंच आणि चेहऱ्याने भरलेली, धाकटी बारकी. बहिणी बहिणींसारख्या दिसतात, तेवढंच साम्य घरच्यांना दिसायचं.

तेराव्या वर्षी थोरलीला कावीळ झाली. तीन आठवड्यांत उतरली. ती कशामुळे झाली याच्या तपासण्या झाल्या नाहीत. कावीळ आली आणि गेली, एवढीच तिची नोंद राहिली. त्याच घरात, त्याच खोलीत राहणाऱ्या धाकटीला ती झाली नाही.

पंधराव्या वर्षी शाळेने दोघींना वेगवेगळ्या तुकड्यांत टाकलं. थोरलीचं वागणं बदलायला लागलं ते त्याच सुमाराला.

अडचण

आई-वडील पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा त्यांची तक्रार रागाबद्दलची होती. थोरली पूर्वी शांत, जरा जास्तच समजूतदार. गेले काही महिने ती क्षुल्लक कारणावरून भडकायची, दार आपटायची आणि दहा मिनिटांनी काही घडलंच नाही अशी वागायची. अभ्यासात घसरण झाली होती. पण वडिलांना सगळ्यात जास्त लागलं होतं ते तिचं हसणं. शिक्षक रागावले की ती हसायची. घरात एक मृत्यू झाला, सगळे सुन्न बसलेले, आणि ही हसत सुटली. थांबता थांबेना. नंतर खोलीत जाऊन रडली, आणि विचारलं तर म्हणाली, “मला हसायचं नव्हतं.”

हे वाक्य मी तिच्या शब्दांत उतरवून घेतलं होतं. त्याचा अर्थ मी लावला तो असा, की तिला अपराधी वाटतंय.

आईने सोबत दोन वह्या आणल्या होत्या. एक वर्षाच्या सुरुवातीची, एक आताची. पहिलीत टपोरं, गोल अक्षर. दुसरीत अक्षर बारीक होत गेलेलं, ओळीच्या शेवटाकडे आणखी आकसलेलं. आई ती निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून दाखवत होती. बोलता बोलता ती असंही म्हणाली, की सकाळी हिची उशी ओली असते, एवढी मोठी झाली तरी लाळ गळते. माझ्या पहिल्या भेटीच्या नोंदीत हे दोन्ही आहे. ‘अक्षर बिघडले’ आणि ‘झोपेत लाळ’. दोन्हींपुढे मी काहीही लिहिलेलं नाही.

मग वडील ते वाक्य बोलले, जे पुढे या प्रकरणात प्रत्येकाने कधी ना कधी म्हटलं. “मॅडम, धाकटी तर ठणठणीत आहे. तेच घर, तीच शाळा, तेच आई-बाप. आजार असता तर दोघींना झाला नसता का? ही मुद्दाम करते.”

मी पहिला अर्थ कसा लावला

मी ‘मुद्दाम करते’ हे मान्य केलं नाही, पण त्यामागचा तर्क मात्र उचलला. एक जुळी बदलली, दुसरी बदलली नाही. म्हणजे कारण दोघींमध्ये सामाईक नसलेल्या गोष्टीत शोधायला हवं. सामाईक नसलेली गोष्ट समोर होतीच: वेगळी तुकडी. धाकटीला नव्या तुकडीत मैत्रिणी मिळाल्या, थोरलीला मिळाल्या नाहीत. आयुष्यभर ‘तुम्ही दोघी’ म्हणून ओळखली गेलेली मुलगी पहिल्यांदा एकटी पडली होती. गोष्ट सुसंगत होती आणि तिच्यात खोटं काहीच नव्हतं. थोरली खरंच एकटी पडली होती. तेवढ्यावर मी थांबले.

इथे जुळ्यांबद्दलच्या संशोधनाविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण माझी चूक त्याच्या अर्धवट वापरातून झाली.

जुळ्यांकडे पाहून ‘उपजत काय आणि संगोपनाचं काय’ हे वेगळं करावं, ही कल्पना फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७५ मध्ये मांडली. पुढे वागण्याशी निगडित अवस्थांचा उगम शोधायला ती फार उपयोगी पडली. स्वमग्नतेचा (ऑटिझमचा) दोष एकेकाळी आईच्या थंड वागण्यावर टाकला जायचा. सुझन फोलस्टाइन आणि मायकल रटर यांनी १९७७ मध्ये २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ११ एकबीज (एकाच फलित बीजातून झालेल्या, म्हणजे आयडेंटिकल) जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुलं स्वमग्न होती, १० द्विबीज (दोन वेगळ्या बीजांतून झालेल्या) जोड्यांपैकी एकाही जोडीत नव्हती. कितीतरी आयांच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला त्या छोट्या अभ्यासाने मदत केली. त्याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते.

पण त्याच आकड्यांची दुसरी बाजू मी डोळ्यांआड केली होती. एकबीज असूनही सात जोड्यांत एकच मूल स्वमग्न होतं. स्किझोफ्रेनियात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, तरी एका एकबीज जुळ्याला तो आजार असला तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण निम्म्याच्या खालीच राहतं. म्हणजे जनुकं तीच असूनही एक आजारी आणि दुसरा बरा, हे नेहमीचं चित्र आहे. एक जुळं बरं असल्यामुळे दुसऱ्याचा शारीरिक आजार नाकारता येत नाही. द्विबीज जुळी तर जनुकांच्या दृष्टीने साधी भावंडंच. ज्या आजारासाठी आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक यावं लागतं, तो एका भावंडाला असला तर दुसऱ्यालाही असण्याची शक्यता चारात एक.

जुळ्यांच्या तुलनेचा हा तर्क जोड्यांच्या समूहाबद्दल बोलतो. मी तो माझ्यासमोरच्या एका मुलीवर लावला, धाकटीला मोजपट्टी केलं आणि थोरलीला त्या मोजपट्टीवर उणी ठरवलं.

पर्याय आणि पहिला निर्णय

सहाव्या भेटीनंतर फरक पडला नव्हता, उलट थोरलीचं बोलणं थोडं अडखळत होतं. मी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलले. आमच्यापुढे तीन वाटा होत्या. समुपदेशन चालू ठेवून धाकटीसह पूर्ण कुटुंबाच्या बैठका घ्यायच्या. चिडचिड आणि हसण्याचे झटके यांसाठी औषध सुरू करायचं. किंवा हे सगळं थांबवून आधी शरीर नीट तपासायचं.

तिसरी वाट कुणी नाकारली नाही, ती अर्धीच चाललो. रक्ताची साधी तपासणी आणि थायरॉईड झालं, दोन्ही ठीक आलं. यकृताच्या तपासण्या त्यात नव्हत्या, कारण दोन वर्षांपूर्वीची कावीळ माझ्या कागदावर होती आणि त्यांच्या कागदावर नव्हती. मी दिलेल्या पत्रात ती लिहिलीच नव्हती. मेंदूच्या एमआरआयचा विषय निघाला आणि ‘आधी औषधाचा परिणाम बघू’ म्हणून पुढे ढकलला गेला.

रिस्पेरिडोन हे मनोविकारावरचं औषध अगदी कमी मात्रेत सुरू झालं.

दहा दिवसांत मुलगी कडक झाली. चालताना हात हलेनात, तोंड किंचित उघडं, बोलणं जाड आणि ओघळलेलं. औषध लगेच बंद करण्यात आलं. या गटातल्या औषधांनी स्नायूंचा कडकपणा येतो, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून समोर जे दिसत होतं त्याला तयार स्पष्टीकरण मिळालं. औषधाने झालं, औषध थांबवलं की जाईल.

दोन आठवड्यांनी कडकपणा तसाच होता.

वळण

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मानसोपचारतज्ज्ञांनी घेतला, आणि त्याचं श्रेय पूर्णपणे त्यांचं आहे. ते म्हणाले, “एवढ्याशा डोसला एवढं होत नाही. आणि झालं तरी इतके दिवस राहत नाही. औषधाच्या आधी काय होतं ते मला बघायचंय.” औषधाच्या आधीचा काही लेखी पुरावा आहे का, असं त्यांनी मला विचारलं.

तेव्हा मला त्या वह्या आठवल्या.

आम्ही आईला सगळ्या वह्या आणायला सांगितल्या आणि पानांवरच्या तारखांप्रमाणे ओळीने मांडल्या. अक्षर आकसायला सुरुवात झाली होती ती औषधाच्या पाच महिने आधी. तुकड्या बदलल्या त्याच्याही थोडं आधी. वेगळ्या तुकडीची माझी गोष्ट त्या टेबलावर संपली. हात आखडतोय, तोंडात लाळ साचतेय, हसू तिच्या इच्छेविरुद्ध येतंय, जीभ जड होतेय आणि मन चिडचिडं झालंय, हे सगळं एकाच ठिकाणाहून येत असावं, हा विचार आमच्यात पहिल्यांदा बोलला गेला. त्यात कावीळ जोडली आणि मेंदूविकारतज्ज्ञांनी फोनवरच विचारलं, “डोळे स्लिट लॅम्पवर बघितलेत का?” स्लिट लॅम्प म्हणजे डोळ्याचा पुढचा भाग मोठा करून दाखवणारं यंत्र.

चार महिन्यांपूर्वी तिचे डोळे तपासले गेले होते, पण चष्म्याच्या नंबरासाठी.

निदान

स्लिट लॅम्पखाली दोन्ही डोळ्यांत बुबुळाच्या कडेला सोनेरी-तपकिरी कडं दिसलं. बर्नहार्ड कायझर यांनी १९०२ मध्ये आणि ब्रुनो फ्लायशर यांनी १९०३ मध्ये वर्णन केलेलं हे कडं म्हणजे कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या) आतल्या पडद्यात साठलेलं तांबं. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन, दर डेसिलिटरला ६ मिलिग्रॅम निघालं. सर्वसाधारणपणे ते २० च्या वर असतं. चोवीस तासांच्या लघवीत ३१० मायक्रोग्रॅम तांबं होतं. १०० च्या वरचा आकडा या आजाराकडे बोट दाखवतो. सोनोग्राफीत यकृत खडबडीत. एमआरआयमध्ये मेंदूच्या खोल भागातल्या पुटामेनमध्ये दोन्ही बाजूंना बदल.

विल्सनचा आजार. तेराव्या गुणसूत्रावरच्या एटीपी७बी या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या की होतो. अन्नातून आलेलं जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकायचं काम यकृतातलं हे जनुक सांभाळतं. ते अडलं की तांबं आधी यकृतात साठतं आणि मग रक्तातून मेंदूत आणि डोळ्यांत उतरतं. मेंदूचे जे खोल भाग त्याने आधी दुखावतात, ते हालचालींना वळण देतात, आणि कपाळामागच्या भागाशी जोडलेले राहून रागाला, हसण्याला, उतावीळपणाला लगामही घालतात. तो लगाम सुटला होता. “मला हसायचं नव्हतं” हे तिने आम्हाला शब्दशः सांगितलेलं खरं होतं.

सॅम्युएल किनिअर विल्सन यांनी १९१२ मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा त्यांनी मांडलेल्या बारा रुग्णांपैकी आठ जणांत मानसिक लक्षणं होती. म्हणजे वागण्यातला बदल हा या आजाराच्या पहिल्या वर्णनापासूनचा भाग आहे. आणि अशा रुग्णांची शरीरं मनोविकारावरच्या काही औषधांना फार संवेदनशील असतात, त्यामुळे थोड्या मात्रेतही कडकपणा उसळतो. आमच्या औषधाने आजार निर्माण केला नाही. झाकलेला होता तो उघडा केला आणि त्याच वेळी आम्हाला खोटं कारणही पुरवलं.

धाकटीचा प्रश्न

निदान झालं त्या दिवशी वडिलांनी मेंदूविकारतज्ज्ञांना विचारलं, “धाकटी?”

उत्तर सरळ होतं. सख्ख्या भावंडांची तपासणी करायचीच असते, कारण लक्षणं यायच्या आधी उपचार सुरू झाले तर हा आजार रोखता येतो. मेंदूच्या आणि यकृताच्या इतक्या आनुवंशिक आजारांमध्ये असं फार थोड्यांबद्दल म्हणता येतं.

तरी तपासणी लगेच झाली नाही. दोन महिन्यांवर तिची परीक्षा होती. आई म्हणाली, “एक पोर अंथरुणावर आहे, दुसरीला आत्ताच घाबरवू नका. आणि त्या आयडेंटिकल नाहीतच. चारात एकच शक्यता ना? तीन भाग तर ती बरीच आहे.” ही आई हट्टी नव्हती, थकलेली होती आणि तिला एक तरी मूल निरोगी हवं होतं. मला तिचं म्हणणं पटत होतं, हे मी इथे नोंदवते. दोन महिन्यांनी काय बिघडणार आहे, असं मलाही क्षणभर वाटलं.

पर्याय असे होते. परीक्षेपर्यंत थांबायचं, किंवा ‘नेहमीची तपासणी’ म्हणून तिला न सांगता रक्त घ्यायचं, किंवा तिला सगळं सांगून लगेच तपासायचं. दुसरा पर्याय नातेवाइकांनी सुचवला होता. तो मी स्पष्ट नाकारला. पंधरा वर्षांच्या मुलीच्या शरीराबद्दल, आयुष्यभराच्या आजाराबद्दलची माहिती तिला फसवून काढणं मला मान्य नव्हतं. पहिला आणि तिसरा यांच्यात निर्णय होत नव्हता, तेव्हा मी सुचवलं की तिलाच विचारू या.

धाकटी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “उशी ओली असते हे आईला मीच सांगितलं होतं. अक्षराचंही मीच सांगितलं. ती हसायची तेव्हा तिचा हात वळायचा, ते कुणी बघितलंच नाही. आता माझं तरी मला न विचारता ठरवू नका. उद्याच करा.”

ती खोलीतली सगळ्यात चांगली निरीक्षक होती. अडीच महिने मी तिच्याकडे फक्त तुलनेसाठी पाहिलं आणि तिला एकदाही एकटीला बोलावून विचारलं नाही की, तुला तुझ्या बहिणीत काय बदललेलं दिसतं.

धाकटीचे डोळे स्वच्छ निघाले. सेरुलोप्लाझ्मिन मात्र ७, लघवीतलं तांबं १२०, यकृताचे एन्झाइम किंचित वाढलेले. जनुकीय तपासणीत दोघींमध्ये तेच दोन दोष सापडले. ‘ठणठणीत’ धाकटी आजारीच होती, फक्त तिचा आजार अजून बोलायला लागला नव्हता.

जुळेपणाबद्दल उशिरा कळलेलं

दोघींत तेच दोन दोष असणं हा एकबीज असल्याचा पुरावा नव्हे. द्विबीज बहिणींतही तसं होऊ शकतं. पण या निकालानंतर घरच्यांनी स्वतःच विचारलं, आणि गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरची डीएनए चाचणी झाली. दोघी एकबीज निघाल्या.

दोन वारांवरून काढलेला निष्कर्ष पंधरा वर्षं चुकीचा होता. ही गैरसमजूत फार पसरलेली आहे. गर्भ पहिल्या तीनेक दिवसांतच विभागला, तर एकबीज जुळ्यांनाही स्वतंत्र वारा मिळतात, आणि साधारण एक तृतीयांश एकबीज जोड्यांत असं घडतं. खरोखर एकच वार असेल, दोन वारा चिकटून एक झालेल्या नसतील, तर जुळी जवळपास निश्चित एकबीज. एकाच लिंगाच्या जुळ्यांत दोन वारा असतील, तर त्यावरून काहीच ठरत नाही. उंचीतला आणि अंगकाठीतला फरकही फसवा, कारण गर्भातलं पोषण दोघींना सारखं मिळतंच असं नाही.

जनुकं तीच असताना थोरलीला तेराव्या वर्षी कावीळ आणि पंधराव्या वर्षी मेंदूची लक्षणं का, आणि धाकटीला काहीच का नाही? या आजारात एकबीज जुळ्यांमध्येही असा फरक दिसलेला आहे. इतर जनुकं दोघींत सारखीच, म्हणून नजर वळते ती जनुकांच्या चालू-बंद होण्यावर परिणाम करणाऱ्या रासायनिक खुणांकडे, आहारातल्या तांब्याकडे, यकृताला आधी झालेल्या इजेकडे. थोरलीच्या बाबतीत यातलं कुठलंही एक कारण ठामपणे दाखवता येत नाही, आणि मी ते दाखवण्याचा मोहही टाळते. एकदा सुसंगत गोष्ट रचून फसले आहे.

एकबीज असल्याचं आधी माहीत असतं तर आणखी एक पेच आला असता. थोरलीचा जनुकीय अहवाल हाच धाकटीचाही अहवाल ठरला असता. तिने संमती देण्याआधी, रक्ताचा थेंबही न देता, तिच्याबद्दलची बातमी आमच्या हातात आली असती. एकबीज जुळ्यांपैकी एकाची जनुकीय तपासणी करताना दुसऱ्याला त्या दिवशी खोलीत बसवायला हवं, असं मला तेव्हापासून वाटतं.

उपचार आणि मधली घसरण

थोरलीसाठी तांबं शरीराबाहेर काढणारं औषध निवडायचं होतं. जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये वापरात आणलेलं पेनिसिलामाइन, त्याला पर्याय असलेलं ट्रायेंटीन, आणि आतड्यातच तांब्याचं शोषण रोखणारं झिंक. मेंदूची लक्षणं असलेल्या काही रुग्णांची प्रकृती पेनिसिलामाइन सुरू केल्यावर आधी ढासळते, हे ठाऊक असल्याने तज्ज्ञांनी अगदी थोड्या मात्रेने सुरुवात केली, सोबत पायरिडॉक्सिन (बी-६ जीवनसत्त्व) दिलं आणि हळूहळू मात्रा वाढवायचं ठरवलं.

तिसऱ्या आठवड्यात ती ढासळलीच. बोलणं जवळजवळ कळेनासं झालं, गिळताना ठसका लागायला लागला. औषध बंद करायचं, बदलायचं की मात्रा रोखून थांबायचं? मात्रा एक पायरी खाली आणून तिथेच महिनाभर स्थिर ठेवण्यात आली. तो महिना आई-वडिलांनी कसा काढला ते मी पाहिलं आहे. औषधाने आधीच एकदा मुलगी बिघडवली होती, आता दुसऱ्यांदा विश्वास ठेवायला आम्ही सांगत होतो. त्या काळात माझं काम एवढंच होतं, की ‘ही घसरण होऊ शकते’ असं आधी सांगितलं होतं याची त्यांना आठवण करून देणं आणि रोज फोन उचलणं.

धाकटीला झिंक सुरू झालं. तिला मेंदूची लक्षणं नव्हती, त्यामुळे घसरणीची भीती कमी. दोघींसाठी लिव्हर, शिंपल्यातले प्राणी, सुका मेवा, चॉकलेट आणि मश्रूम यांवर बंधनं आली.

पाच आठवड्यांनी धाकटीचा उजवा हात थरथरायला लागला.

पुन्हा तोच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहिला. आता सगळ्यांना खात्री होती की आजार उतरला. वडील झिंक बदलून जोरदार औषध द्या म्हणत होते. या वेळी घाई न करता आम्ही पाहिलं. लघवीतलं तांबं खाली येत होतं. डोळे स्वच्छच होते. दुसऱ्या हाताने ठेका धरायला सांगितला की उजव्या हाताची थरथर त्याच ठेक्यात जायची, आणि मोठ्याने उलटे आकडे मोजायला लावले की थांबायची. अक्षर बदललं नव्हतं. वहीच्या तारखा या वेळीही तपासल्या. या सगळ्यावरून कळलं, की ही थरथर धास्तीतून येत होती. तिला मी हे चाचण्या दाखवत समजावलं, ‘खोटी’ हा शब्द कुणी वापरणार नाही याची घरात काळजी घेतली, आणि झिंक तेच ठेवलं. दोन महिन्यांत हात शांत झाला.

एकाच घरात, तेच जनुक असलेल्या दोघी बहिणी. एकीचं वागणं मनातून आलंय असं वाटलं आणि ते मेंदूतल्या तांब्यातून आलं होतं. दुसरीची थरथर तांब्याची वाटली आणि ती मनातून आली होती.

परिणाम

थोरलीचं अवेळी हसू पाचव्या महिन्यात थांबलं. कडकपणा उतरायला आठ-नऊ महिने लागले, बोलणं स्पष्ट व्हायला दीड वर्ष, त्यात नियमित वाचा-उपचारांचा मोठा भाग. तिचं शाळेचं एक वर्ष गेलं. दोन वर्षांनी पाहता ती सलग बोलते, चालते, शिकते. लिहिण्याचा वेग मात्र पूर्वीचा राहिला नाही, आणि थकली की शब्द जड होतात. चिडचिड पूर्ण गेलेली नाही. डोळ्यांतलं कडं फिकट झालं आहे.

धाकटीला आजवर या आजाराचं कसलंही लक्षण नाही. परीक्षा तिने दिली.

औषधं दोघींना आयुष्यभर घ्यायची आहेत. बरं वाटतंय म्हणून ती सोडणाऱ्या रुग्णांचं यकृत अचानक निकामी होऊ शकतं, त्यामुळे त्यांच्याशी माझ्या आताच्या बैठका बहुतेक याच एका विषयावर असतात. ज्या मुलीला कधी काही झालंच नाही, तिला रोज गोळी घ्यायला सांगणं हे थोरलीला समजावण्यापेक्षा अवघड आहे.

काय वेगळं करता आलं असतं

लाळ, बारीक होत जाणारं अक्षर, जड जीभ आणि पूर्वीची कावीळ. यातली तीन लक्षणं पहिल्या भेटीतच माझ्या कागदावर होती. तरुण वयात वागणं बदललेलं असताना यांपैकी एक जरी सोबत असेल, तर समुपदेशन सुरू करतानाच यकृताच्या तपासण्या, सेरुलोप्लाझ्मिन आणि स्लिट लॅम्प यांसाठी पाठवायला हवं होतं. डोळ्यांची ती तपासणी काही मिनिटांची असते आणि सुईही टोचावी लागत नाही. अडीच महिने वाचले असते. रिस्पेरिडोनचे ते दहा दिवस आलेच नसते.

पत्र लिहिताना मी माझ्या निष्कर्षाला पूरक गोष्टी लिहिल्या आणि उरलेल्या गाळल्या. मुद्दाम नव्हे, पण गाळल्या. आता मी पत्रात निष्कर्षाआधी एक परिच्छेद लिहिते: माझ्या अर्थात न बसणारं काय काय आहे. कधी तो परिच्छेद रिकामा राहतो. बहुतेक वेळा राहत नाही.

‘सामाईक नसलेलं कारण’ शोधण्याआधी जन्माच्या वेळच्या माहितीवर प्रश्न विचारायला हवा होता, हेही खरं. मात्र उपचारांच्या दृष्टीने एकबीज की द्विबीज याने काहीच बदललं नसतं. तपासणी दोन्ही परिस्थितींत करायचीच होती. ‘आयडेंटिकल नाहीत’ या शब्दांनी एवढंच केलं की आईला थांबायला एक कारण दिलं.

एका बाबतीत मात्र अजून माझा निर्णय होत नाही. तो धाकटीला एकबीज असल्याचं सांगितलं त्या दिवसाचा आहे. चाचणी घरच्यांनी मागितली होती, तिचीही संमती होती, आम्ही निकाल दोघींना एकत्र सांगितला. थोरलीला आनंद झाला, तिने बहिणीचा हात धरला. धाकटीने हात सोडवला नाही, पण बराच वेळ ती थोरलीच्या वहीतल्या त्या बारीक अक्षराकडे बघत राहिली. दोघींना वेगवेगळं सांगायला हवं होतं का, हे मी तिला पुढच्या भेटीत विचारलं. ती म्हणाली, “सांगितलंत ते बरं केलंत. पण आधी मला एकटीला सांगायचं होतंत.”